एक मण नऊ शेर

जवळा बाजारला एका अडत्याकडे मी कापसाचा मापाडी होतो. वजन वाढावं म्हणून काही जण कापसावर पाणी मारून आणायचे. मी गाठोड्यात कोपरापर्यंत हात घालून मूठ आवळायचो. मूठ सोडल्यावर कापूस फुलून आला नाही, तर गाडी परत. या बाबतीत बाजारात माझा शब्द शेवटचा असायचा. पुढचं सांगायचं तर हे आधी सांगायला पाहिजे.

बायकोच्या लघवीतून रक्त जातं हे मला फार उशिरा कळलं. उन्हाळी लागली म्हणून पाच महिने ती धण्याचं पाणी पीत राहिली. मग उजव्या कुशीत गोळा हाताला लागायला लागला, रोज तिसऱ्या प्रहरी ताप यायला लागला. निजामाचं राज्य होतं, मोठा दवाखाना हैदराबादला. पूर्ण्याला गाडी बदलून गेलो. डॉक्टर म्हणाले, गाठ मूत्रपिंडाची आहे, फार वाढली आहे, कापून निघायची नाही. बावीस दिवस तिला यंत्राखाली झोपवून शेक दिला. तो शेक डोळ्यांना दिसायचा नाही, अंगाला गरम लागायचा नाही, तरी कुशीची कातडी करपल्यासारखी काळी पडली. पोटात काही ठरेना. ज्या इलाजानं माणूस आणखी आजारी पडतं, तो लागू पडतोय हे ओळखायचं कसं, असं मी विचारलं.

"हर हफ्ते वजन देखो," डॉक्टर म्हणाले. "बढ़ा तो फायदा है. घटा तो फौरन ले आओ."

दवाखान्यातली तेवढी एकच गोष्ट मला समजली.

परतताना औंढ्याला नागनाथापुढे नवस बोललो. आदल्या वर्षी गमतीनं तिला काट्यावर बसवलं होतं, तेव्हा एक मण नऊ शेर भरली होती. तेवढी पुन्हा भरली की तेवढा गूळ पायरीवर वाटीन, असं म्हणालो. घरी येऊन तोललं तर एकोणचाळीस शेर.

दर बाजारी, गाड्या यायच्या आधी, मी तिला घेऊन जायचो. ती पारड्यात मांडी घालून साखळ्या धरून बसायची.

"सरकी काढून तोला बरं," म्हणायची.

अडत्याही गमत्या. "वहिनी, भाव काय लावू?"

"आधी माल पाहा, भावजी. मग भाव लावा."

पहिले दोन आठवडे काटा हलला नाही. मग साडेएकोणचाळीस झाले. मग एक मण. मग एक मण अडीच शेर. मी वहीत आकडा लिहायचो आणि माझा हात हलका व्हायचा. पण घरी आलं की डोकं चालायचं नाही. भाकरीच्या वासानंच तिला ओकारी यायची. तोंडात राख धरल्यासारखं लागतं म्हणायची. मी तिचं खाणंही लिहायला लागलो. दिवसभरात पाव भाकरी आणि दोन वाट्या ताक. एवढ्यावर आठवड्याला दोन-तीन शेर चढतं कसं? गळ्याखालची हाडं वर आली होती, दंड माझ्या मनगटाएवढे झाले होते. मी वजनं बदलून पाहिली, पारड्यांची अदलाबदल करून पाहिली. काटा बरोबर होता. मग शेक आतून काम करत असेल, असं मनाला सांगितलं. मध्ये एकदा तिनं पायातली जोडवी तेल लावून काढून ठेवली. काहून काढलीस म्हटलं, तर "घासून राहिलीत" म्हणाली. मी पुढे विचारलं नाही.

सातव्या बाजारी काट्यानं बरोबर एक मण नऊ शेर दाखवलं.

"मापाडी, गुळाची ढेप सांगू का?" अडत्या ओरडला. मी हसलो. ती हसली नाही.

घरी आल्यावर तिनं उंबऱ्यावर बसून पाय पुढे केला. "दाबा."

"काहून?"

"दाबा तर खरं."

मी अंगठ्यानं घोट्याच्या वर दाबलं. अंगठा काढला, खड्डा तसाच. मी मोजायला लागलो. चाळीसपर्यंत मोजलं तेव्हा तो भरून आला.

"पाणी हाय," ती म्हणाली. "पोटातबी हाय. कापसाला पाणी मारलेलं तुमाला मुठीत धरल्याबरोबर कळतं."

"कधीपासून?"

"जोडवी काढली तवापासून."

"मग सांगितलं काहून न्हाईस?"

"आकडा लिहिताना तुमचं तोंड पाहात होते," ती म्हणाली. "लई दिसानं तसं दिसून राहिलं होतं."

मी लगेच हैदराबादची तयारी सुरू केली. ती अडून बसली. "आधी गूळ. नवस फेडल्याबिगर मी गाडीत बसायची न्हाई."

"अगं, वजन खोटं हाय."

"देवापुढं काय म्हणलात? बरी झाली तर, असं म्हणलात का?"

"न्हाई. एक मण नऊ शेर म्हणलो."

"मग भरलं की."

ओली गाडी मी परत लावत आलो. ही कोणाला परत लावायची? नवस फेडावा तर खोट्या वजनावर फेडल्यासारखं, न फेडावा तर दिलेला शब्द मोडल्यासारखं. शेवटी गूळ तोलून घेतला, मासाभरही कमी नाही, आणि औंढ्याला गेलो.

पायरीवर बसून तिनं आपल्या हातानं वाटला. एका म्हातारीनं विचारलं, "कशाचा गूळ गं, बाई?"

"माझं वजन भरलं," ती म्हणाली.

शेवटचा खडा तिनं जिभेवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "गोड हाय का?"

मी माझ्या हातातला खाल्ला. "हाय."

"बराबर?"

"बराबर."

तिथून तसेच हिंगोलीला गाडी धरली. हैदराबादला मी वही पुढे केली. डॉक्टरांनी वही न उघडता आधी तिचा पाय दाबला. सुईनं पोटातलं पाणी काढता येईल, पण ते पुन्हा भरेल, म्हणाले. आधी आणलं असतं तर, असं मी विचारलं. त्यांनी वही माझ्या हातात परत दिली आणि सुई मागवली. पाणी काढून आम्ही घरी आलो.

पुढच्या बाजारी मी कामावर गेलो नाही. तिला उठवत नव्हतं. पडल्या-पडल्या म्हणाली, "आज आकडा न्हाई का?"

मी तिच्या पायाशी बसलो, घोट्याच्या वर अंगठा टेकवून दाबला आणि मोजायला लागलो.

"किती?"

"साठ."

"लिहा," ती म्हणाली.