जुन्या रस्त्यावरच्या खानावळीची नोंद

बाळांनो, दुपारी तुमचा फोन येतो तेव्हा मी कॉम्प्युटरवर असते. तिथे मी काय करते हे तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. आता डोळे थकल्यामुळे ते काम सोडते आहे, म्हणून लिहिते.

आमच्या जिल्ह्याची एक ऑनलाइन प्रवासी मार्गदर्शिका आहे. माहिती कुणीही पाठवावी आणि आम्ही हौशी संपादकांनी ती तपासून घ्यावी, अशी पद्धत. संगमनेरजवळच्या एका बाईने स्वतःच्याच खानावळीबद्दल लिहिलं, "लई भारी जेवण." बायपास झाल्यापासून तिच्याकडे गिऱ्हाईक फिरकत नव्हतं.

माझे सहसंपादक निवृत्त मास्तर आहेत. ते म्हणाले, "ही जाहिरात आहे. नामंजूर!"

"आधी बघून तरी येते," मी म्हटलं. तिथे गेल्यावर मी कोण ते सांगून बसले. तिने मला थेट स्वयंपाकघरात नेलं, माझ्यासाठी वेगळ्या पुरणपोळ्या केल्या आणि पैसे घेईना.

"पाहुन्याकडून कुनी पैसं घेतं व्हय, आजी?"

फुकट जेवलेल्याने लिहायचं नाही, हा आमचा नियम. मग मास्तरच स्वतःची ओळख न देता गेले, बिल देऊन आले आणि लिहिलं, "पिठलं-भाकरी उत्तम. मीठ जरा जास्त. जुन्या रस्त्याने वळावे."

काही दिवसांनी तिचा फोन आला. "गाड्या वळाया लागल्यात, आजी. आन् मीठ कमी केलंय म्हनावं त्यान्ला."

खात्री करायला मास्तर पुन्हा जेवून आले. मिठाचं वाक्य आम्ही काढलं. बाकीची नोंद अजून आहे, आणि खानावळही चालू आहे.