चौरंगावरची बेसबॉल कार्डं

आमच्या घरात बेसबॉल कुणी खेळलेलं नाही, धड पाहिलेलंही नाही. तरीही इथे आखातात, अल् घुब्रातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, कपाटाच्या लॉकरात, माझ्या आईने दिलेल्या पाटल्यांशेजारी खेळाडूंची चित्रं छापलेली सहा जुनी बेसबॉल कार्डं सात वर्षं पडून होती. ती माझ्या पैशांची होती, म्हणून अजूनही डोकं फिरतं.

पैसे शिकवण्यांचे. रोज दुपारी बिल्डिंगमधल्या पोरांना गणित शिकवून साठवलेले, लेकीच्या पुण्यातल्या आर्किटेक्चरसाठी. त्यांचं मी सोनं घेणार होते. तेवढ्यात नवरा नोकरीच्या ठिकाणाहून, दुक्महून, सुट्टीवर आला तो एक लिफाफा घेऊनच. प्रोजेक्टवरचा त्याचा अमेरिकन साहेब मायदेशी परत चालला होता आणि आजोबांचा संग्रह विकत होता. पैसे जॉइंट खात्यातून गेले. मला विचारायचं राहून गेलं म्हणे!

“अगं, साठ-सत्तर वर्षांपूर्वीची आहेत. दोन-तीन वर्षांत दुप्पट, इन्शाल्ला.”

मी एक कार्ड हातात घेतलं. कोपरे बोथट, मधोमध बारीक घडी. “अहो, हे तर झिजलंय.”

“मीडियम ग्रेड आहे. दहापैकी पाच. नऊवालं आपल्याला परवडणार आहे का? आपण मिडल क्लास, आपली कार्डंही मिडल क्लास.”

स्वतःच्याच विनोदावर तो हसला. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना निष्कलंक कार्ड हवं असतं, आणि ज्यांना नुसती आठवण हवी त्यांना फाटकंही चालतं. मधलं मात्र कुणालाच नको असतं. पन्नास टक्के मिळवणाऱ्या पोराचे पेढे कुणी वाटत नाही, हे मला तरी त्याच दिवशी कळायला हवं होतं. दर दिवाळीला तो नेटवर कार्डांचे भाव बघायचा. ते होते तिथेच असायचे. मग मी सोन्याचा भाव मुद्दाम मोठ्याने वाचायचे.

गेल्या दिवाळीत लेक बारावीला होती. लक्ष्मीपूजनाला दरवर्षीसारखी पाटल्यांशेजारी चौरंगावर कार्डं आली, पण या वेळी त्याने ती प्लास्टिकच्या पाकिटांतून बाहेर काढली.

“अहो, काय करताय?”

“प्लास्टिकवरून वाहिलेलं कुंकू आतपर्यंत पोचतं का? यंदा विकायचीत ना.”

“बाबा, नो! डॅमेज होईल ते,” लेक ओरडली.

त्याने ऐकलं नाही. ओलं हळदकुंकू सहाही खेळाडूंच्या कपाळाला लागलं. मी हात धरू शकले असते. धरला नाही. खरं सांगते, मनातून मला थोडी मजाच वाटली. त्याची लाज नंतर वाटली.

उन्हाळ्यात लेकीला प्रवेश मिळाला आणि फी भरायची तारीख आली. त्याने कार्डांचे फोटो अमेरिकेतल्या एका दुकानदाराला पाठवले. दुसऱ्या दिवशी दोन वाक्यांचं उत्तर आलं. पहिलं त्याने वाचून दाखवलं: लाल डाग पडलेली कार्डं आम्ही घेत नाही. “माझंच चुकलं, कुंकवाने घात केला,” असं म्हणत तो डोक्याला हात लावून बसला. मी फोन हिसकावला आणि दुसरं वाक्य वाचलं. डाग नसते तरी घेतली नसती, असल्या मधल्या दर्जाच्या कार्डांचे खोकेच्या खोके आमच्याकडे पडून आहेत. मला रडूही आलं नाही, इतकी चिडले होते.

त्या गुरुवारी संध्याकाळी आम्ही रुवीला सोनाराकडे गेलो. पाटल्यांच्या नक्षीत त्याच दिवाळीचं कुंकू अडकलेलं होतं. सोनाराने ते ब्रशने झटकलं, पाटल्या काट्यावर ठेवल्या आणि रक्कम सांगितली. फी भागत होती. मी मान हलवली आणि दुसरीकडे बघत राहिले.

गाडीत बसल्यावर नवऱ्याने एसी लावला. मग हळूच म्हणाला, “कार्डं मात्र टाकायला नकोत. ठेवू या अजून थोडी वर्षं.”

“ठेवा की,” मी म्हटलं. “लॉकरात आता जागाच जागा आहे.”