उंबऱ्यावरचा पेरू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या पुतणीच्या मनात तिच्या बापाची जी शेवटची आठवण आहे, ती मी तयार केलेली आहे.

अकोल्याकडच्या आमच्या गावात ती लहान होती त्या वर्षांत बोंडअळीपायी सगळेच कपाशीच्या पऱ्हाटीवर औषध फवारत. धाकटा भाऊ संध्याकाळी शेतातून आला आणि पाठीवरचा पंप न उतरवताच दारात थांबला. तोंडातून लाळ गळत होती.

"दादा, मले दवाखान्यात ने."

"फवारणीत सगळ्यायलेच होते असं. आंघोळ कर, ताक पी आन् झोप."

तो झोपला. सकाळी उठला नाही.

त्याची लहानगी चुलीपाशी बसलेली होती. तिने ऐकलं होतं. ती आईला सांगेल, या धास्तीने मी तिला मांडीवर घेऊन विचारत राहिलो, "बाबा हसत आला ना? तुले पेरू देला ना?" आधी ती नुसती माझ्याकडे बघे. मग मान हलवू लागली. तेरवीला आलेल्यांना ती सांगत होती, पेरू आतून गुलाबी होता. गुलाबी मी म्हटलं नव्हतं.

मी अमरावतीत फार्मसीच्या पोरांना मेंदू शिकवतो. दोन पेशी जिथे भेटतात तिथे एक दार असतं, प्रथिनाच्या चार तुकड्यांचं. लहानपणी त्यात एका जातीचा तुकडा जास्त असतो. तो असला की दार उशिरा मिटतं, पेशींची गाठ, म्हणजे आठवण, सहज पक्की होते. वयाबरोबर त्याच्या जागी झटकन मिटणारा तुकडा येत जातो. उंदरांत असंही दिसलंय, की जुनी आठवण जागवली की ती पुन्हा मऊ पडू शकते, आणि त्या मऊ पडण्याला तोच जुना तुकडा लागतो. हे फळ्यावर काढताना माझा हात थांबतो. मी विचारत होतो, म्हणजे तिची आठवण मऊ करत होतो. पण माझं पाप त्या तुकड्यावर ढकलता येत नाही.

गेल्या दिवाळीत ती माझ्याकडे आली. आता कॉलेजात आहे. पेरू कापता कापता म्हणाली, "मोठेबाबा, बाबाच्या पेरूले औषधाचा वास येत होता. तरी खाल्ला मी."

पेरू मी रचलेला होता. वास खरा होता.

"आन् तुमी दारात होते. बाबा तुमाले काहीतरी म्हणून राहिला होता. काय म्हणे?"

"पाणी मागे," मी म्हणालो. तिने मान हलवली, अगदी तेव्हासारखी.

हल्ली गावी गेलो की मलाही तो पेरू उंबऱ्यावर दिसतो. ओला, नुकताच ठेवल्यासारखा.

तिच्या बापाचं एक वाक्य माझ्याकडे राहिलं आहे. ते, आणि त्यावरचं माझं उत्तर, मी तिला देणं लागतो.