चोरीची फांदी

मागून आणलेली फांदी रुजत नाही, चोरलेली रुजते, असं आम्ही बागवेडे मानतो. म्हणून शेजारचे सबनीसकाका भिंतीवरून माझी जास्वंद पिरगाळत होते, तेव्हा मी पडद्याआडच थांबले. काकू गेल्यापासून त्यांच्या कुंड्या रिकाम्याच होत्या.

सबनीसकाका घरात गेल्यावर, आंबा छाटायला चढलेला माळी दगडू वरून म्हणाला, "ताई, पिरगाळलेली फांदी जगायची नाही. तिरका काप पाहिजे."

"मग सांगायचं ना त्यांना."

"सांगितल्यावर चोरी कसली?"

संध्याकाळी मी कात्री मुद्दाम भिंतीवर विसरले. सकाळी ती तिथेच होती, पाती स्वच्छ पुसलेली.

हातात नेऊन दिलेलं कितीतरी वाळून जातं. काकांच्या कुंडीत आता पालवी आहे. आम्ही रोज हवापाण्याच्या गप्पा मारतो आणि तिच्याकडे दोघंही बघत नाही.