सुजाताच्या माहेरचा पत्ता

"गोळ्या चालू आहेत ना?"

"चालू हायेत की, साहेब."

"काही त्रास?"

"कायबी न्हाय. समदं बरं हाय."

मी फोन ठेवला, फॉर्मवर 'व्हिजिट पूर्ण, फोनवर' असं लिहिलं आणि भिंतीवरच्या तक्त्यात सुजाताच्या नावापुढं हिरवी चकती चिकटवली. तक्ता माझाच शोध. आल्यागेल्याला तो दिसावा म्हणून मी दारासमोरची भिंत निवडली होती.

मी धाराशिवच्या एका हॉस्पिटलात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. पद ऐकायला मोठं, काम निम्मं कारकुनाचं, निम्मं पोस्टमनचं. तेव्हा आमचा एक अभ्यास चालू होता. पहिलटकरणींचं बीपी शेवटच्या महिन्यांत वाढतं, ते रोजच्या एका गोळीनं रोखता येतं का, हे बघायचं होतं. निम्म्या बायकांना औषधाची गोळी, निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. या दुसरीला प्लासिबो म्हणतात. कुणाला कुठली मिळाली हे बाईला माहीत नसतं, डॉक्टरला नसतं आणि मलाही नसतं. याला ब्लाइंडिंग म्हणतात. मला वेगळं आंधळं करायची गरज नव्हती, हे पुढं कळलं.

एखादी बाई मधेच सापडेनाशी झाली, तर तिच्यापुढं 'लॉस्ट टू फॉलोअप' लिहितात. आमच्याकडं अशी एकही नव्हती. पुण्याहून मॉनिटर यायचे, म्हणजे आमच्या कागदांची झडती घेणारे गृहस्थ. ते तक्त्यापुढं उभे राहून म्हणाले, "बॉस, तुमची साइट एक नंबर!" मी त्याच दुपारी तक्त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकला.

सुजाताचं सासर येरमाळ्याजवळ. नवरा विलास हायवेवर टायरच्या दुकानात. पहिल्या दिवशी मी तिला ऐटीत सांगितलं होतं, "बीपीसाठी चकरा मारू नका. दर पंधरा दिवसांनी आम्हीच दारात येऊ."

ती हसली. "लगीन झाल्यापास्नं माझ्यासाठी कुणी दारात आलं न्हाय, सर."

सातव्या महिन्यापर्यंत मी खरंच गेलो. मग ओटीभरण झालं आणि ती माहेरी गेली. उमरग्याच्याही पुढं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. सासूनं दारातूनच सांगितलं, "ती गेली की आईकडं." आमच्या फॉर्मवर पत्त्याला एकच ओळ होती आणि ती सासरच्या पत्त्यानं भरलेली. मी माहेरचं गाव नीट विचारून घेतलं नाही. तिच्या आईचा नंबर घेतला नाही. एखादी व्हिजिट चुकली तर फोनवर चालेल, असं नियमात होतं. सलग दोनदा चालणार नाही, असंही होतं. ती ओळ मला पाठ होती. तरी मी दोन्हीदा फोन लावला, तोही विलासला. जो माणूस महिनाभर बायकोला भेटला नव्हता, त्याला मी तिची तब्येत विचारत होतो. तोही बिचारा हॉस्पिटलच्या साहेबाला बरं वाटेल ते सांगत होता.

तिसऱ्या वेळी मी फॉर्म पुढ्यात घेऊन पेन उघडलं आणि विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?"



"साहेब, बाळ गेलं. सा दिस झाले. झटके आले तिला. उमरग्यास्नं सोलापूरला नेली. ती वाचली."

बीपी फार वाढलं की असे झटके येतात. आमचा अख्खा अभ्यास त्यासाठीच होता.

मॅडम आमच्या प्रमुख. त्यांनी फाइल मागवली.

"शेवटचं बीपी कधीचं?"

"दीड महिन्यापूर्वीचं."

"मधे?"

"फोनवर, मॅडम."

"तिच्याशी बोललात?"

"नवऱ्याशी."

"तो उमरग्याला होता?"

"येरमाळ्याला."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमच्या घरचं पहिलं बाळंतपण कुठं झालं हो?"

"माहेरी, मॅडम."

अभ्यासावर नजर ठेवणाऱ्या कमिटीला रिपोर्ट गेला, माझा खुलासा गेला, तक्ता मी स्वतःच उतरवला. मग मॅडम म्हणाल्या, "तिच्या माहेरी जा. कागदपत्रं आणा. आणि आपण का आलो नाही, ते तिला तुमच्या तोंडानं सांगा."

गेलो. सुजाता बाजेवर बसली होती, कानाला रुमाल बांधून. मी तोंड उघडायच्या आत तिनंच विचारलं, "सर, म्या गोळ्याची बाटली सासरलाच इसरले. त्यानंच झालं का हे?"

मी म्हणालो, "अभ्यास चालू आहे. तुमची गोळी कुठली होती, ते आता कुणालाच सांगता येत नाही."

नियमाप्रमाणं उत्तर अचूक होतं. त्याच्या आडोशाला उभं राहून मी कागदपत्रं घेतली आणि परतलो. मॅडमनी विचारलं, "बोललात?" मी म्हणालो, "बोललो." बोललो होतोच.

दीड वर्षानं अभ्यास संपला, कोड उघडला, म्हणजे कुणाला कुठली गोळी होती ते कळलं. सुजाताच्या बाटलीत प्लासिबो होता. मी फोन उचलला, तशा मॅडम म्हणाल्या, "तो खाली ठेवा."

ती आता येरमाळ्याला, सासरी होती. ओट्यावर शेंगा फोडत बसलेली, शेजारी सासू. मी सांगितलं, "सुजाताताई, त्या गोळ्यांत औषधच नव्हतं. बाटली विसरल्यानं काही बिघडलं नाही."

तिचे हात थांबले. "हे आत्याबाईस्नी सांगा. मोठ्यानं सांगा."

मी सासूकडं वळून पुन्हा सांगितलं. म्हातारी शेंगांकडं बघत पुटपुटली, "मला काय म्हाईत? येवढीशी बाटली न्यायला काय झालं हुतं, म्हून म्हणायची मी."

"रोज म्हणायच्या," सुजाता म्हणाली.

मग मी ते दुसरं सांगितलं. "बीपी बघायला मी यायला पाहिजे होतं. तेव्हा कळलं असतं. मी आलो नाही."

"ते मला म्हाईतच हाय की, सर." तिचा आवाज चढला नाही. "पंधरवडा भरला की आई तुमच्या चहाला दूध काढून ठिवायची. सांजच्याला आमीच पिऊन टाकायचो."

चहा घ्या, असं त्या दिवशी मला कुणी म्हणालं नाही.

आता आमच्या फॉर्मवर माहेरच्या पत्त्याला वेगळी ओळ आहे. सूचना माझी. पुण्याच्या ऑफिसला ती इतकी आवडली, की त्यांनी बाकीच्या साइटना, म्हणजे अभ्यासातल्या इतर हॉस्पिटलांनाही कळवली, माझ्या नावानिशी. नव्या पोरांना शिकवताना मी एवढंच सांगतो: बाईची तब्येत बाईलाच विचारायची, आणि तीही दंडाला पट्टा बांधून.