कॉलनीची टेंबलाई यात्रा

कोल्हापुरात मंगळवार पेठेत दहा वर्षं संसार केला आणि नव्वदचं दशक सरता सरता आम्ही शहराच्या कडेला, उचगावच्या हद्दीत घर बांधलं. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा शेजारच्या मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "गाव सोडून चाललीस की गं!" मी तिथल्या तिथं सुनावलं, "सिटी बस जातीया तितं, मावशी. गाव कुठं सोडलंय?" पण शब्द लागला तो लागलाच.

शहर तेव्हा चारी बाजूंनी उसात घुसत होतं. गच्चीवरून एकीकडे जोतिबाचा डोंगर दिसायचा आणि दुसरीकडे नुसते अर्धवट बांधलेले पिलर. आमच्या ओळीत एक म्हशीवाले, दोन नोकरदार आणि सीमेकडून आलेलं, घरात कानडी बोलणारं दुकानदार कुटुंब. कुणाला कुणाची ओळख नाही. डॉक्टर गावात, साड्या गावात, मटणसुद्धा गावातनं. लोक पिशवी घेऊन निघताना "कोल्हापूरला जाऊन येतो" म्हणायचे आणि माझं डोकं फिरायचं. "मग आता कुठं हायसा?" असं मी विचारायची. माझ्या तोंडाला लागायला नको म्हणून ते हसून सटकायचे.

आषाढात नदीला नवं पाणी आलं की दर मंगळवारी-शुक्रवारी कोल्हापुरातली एकेक गल्ली ते घागरींत भरून टेंबलाईच्या टेकडीवर नेते आणि देवीच्या पायरीवर ओतते. पुढे सनई-ढोलाचं पी-ढबाक वाजतं, मागे डोक्यावर घागरी घेतलेल्या पोरी-बायका, आणि वाटेवरच्या घरातल्या बायका घागरवालीच्या पायावर पाणी घालतात. मग घरोघरी मटण. ज्या गल्लीची यात्रा नाही ती गल्ली कसली? मी घरोघर फिरून कॉलनीला तयार केलं.

पहिल्या वर्षी आमच्या पुरुषांनी अक्कल लढवली. टेकडी आपल्या घरापासून जवळ, नदी पार शहराच्या त्या टोकाला, मग एवढं चालायचं कशाला? टेम्पोतून घागरी आणल्या आणि आम्ही फक्त टेकडी चढलो. वर दुसऱ्या गल्लीच्या एका बाईनं मला आपुलकीनंच विचारलं, "पावणं कुठल्या गावचं?" ज्या गावात जन्मले त्याच गावात मी पावणी! घरी येऊन मी मटणाला हात लावला नाही. नवऱ्यानं दोनदा विचारलं, मग नाद सोडला.

पुढच्या वर्षी मी ठणकावून सांगितलं, टेम्पो आला तर मी येणार नाही. नदीपासून टेकडीपर्यंत सगळं शहर पायांनी तुडवायचं, आणि तेही मंगळवार पेठेतून वळसा घालून. पुरुष कुरकुरले. दुकानदाराची बायको मात्र पदर खोचून पुढे आली. "अक्का, आमी मटणाला येनार न्हाई, पण पयली घागर माजी," ती म्हणाली. मग म्हशीवाल्यांच्या सुना निघाल्या, नोकरदारांच्या मुली निघाल्या.

घाटावर घागरी भरल्या. मान अवघडली, घागरीतलं गढूळ पाणी हिंदकळून कपाळावर येत होतं, पण वाजप असं जोरात होतं की चौकात रिक्षावाले इंजिन बंद करून बघत राहिले. माझ्या जुन्या गल्लीच्या तोंडाशी आलो आणि मनात आलं, आता कुणी बाहेरच आलं नाही तर?

दारं उघडली. एकेक बाई तांब्या घेऊन रस्त्यावर आली. दुकानदाराच्या बायकोच्या पायावर पाणी पडलं, मुलींच्या पायावर पडलं. मावशी गुडघे धरत धरत माझ्यासमोर वाकल्या. मी मागं सरले, "अवो मावशी, तुमी थोरल्या, तुमी नगा."

"गप हुबी ऱ्हा," त्या खेकसल्या. "घागर हाय डोक्यावर. वय बघत न्हाईत." त्यांनी माझ्या दोन्ही पायांवर पाणी घातलं आणि वर बघून दटावल्यासारखं विचारलं, "पुढच्या साली कंच्या मंगळवारी येताय? आधी सांगा. गल्ली झाडून ठेवाय लागती."

दोन्ही हात घागरीला होते, त्यामुळे मला डोळेही पुसता आले नाहीत.