आधी झटकायचं, मग भिजवायचं

शकूला जाऊन सव्वा महिना झाला. सकाळी सातला तिच्या नवऱ्याचा, भाऊरावांचा फोन आला. "वहिनी, शकू गेली," म्हणाले. आणि मग, "माझ्या कपड्यांनी नेली तिला." तसलेच कपडे मीही धुतले होते.

सांगते नीट. अंबडजवळच्या कॉलनीत शकूची नि आमची भिंतीला भिंत. दोघींचे नवरे एकाच कारखान्यात, गाड्यांच्या ब्रेकचं लायनिंग बनायचं तिथे. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ते छातीत जाऊन बसतं, हे आम्हाला कोण सांगणार? आम्ही त्याला भुकटी म्हणायचो. माणसं घरी यायची ती भुवयांपासून बुटांपर्यंत पांढुरकी. मी वणीकडून लग्न होऊन नवी आलेली, पहिल्याच दिवशी यांची पँट तशीच बादलीत बुडवली. भुकटीचा चिखल होऊन शिवणींत बसला, निघता निघेना. शकू तिच्या गॅलरीतून हसत सुटली. "अगं बाई, नवऱ्याच्या पँटचं पिठलं करतेस का? आधी झटकायचं, मग भिजवायचं!" आणि पदर खोचून आली, दुसरी पँट कठड्यावर चारदा आपटून दाखवली. कुणाचं अडलं की ती अशीच हजर. त्यानंतर कितीतरी वर्षं पहिली पाळी सुटली की आम्ही दोघी आपापल्या गॅलरीत कपडे झटकायचो. तोंड कसलं झाकतोय, त्याच वेळी तर गप्पा व्हायच्या! माझी सुनीता जरा मोठी झाली तशी दुसरं टोक धरायला यायची. ढग उठला की टाळ्या वाजवायची...

दोन वर्षांपूर्वी शकूला धाप लागायला लागली. छातीत पाणी झालं. आधी टीबीची औषधं झाली, उतार पडेना. मोठे डॉक्टर विचारायचे, "मावशी, कधी कारखान्यात काम केलंय?" ती म्हणायची, "नाही हो, मी घरीच असते." आणि शेजारी बसून मीही मान डोलवायची. दोनदा विचारलं, दोनदा आम्ही तेच सांगितलं. पुढे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरातलं कुणी कारखान्यात होतं? त्यांचे कपडे कोण धुवायचं?" "मीच की," शकू म्हणाली. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर निघाला. आधी कळलं असतं तरी वाचली असती असं नाही, बाईंनी स्पष्टच सांगितलं. धूळ आत गेल्यावर तीस-चाळीस वर्षांनीही दुखणं उठतं म्हणे. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण तपासून घ्यावं.

परतताना रिक्षात शकू म्हणाली, "सुनीताला सांग."

"बघू गं. तिची पोरगी दहावीला आहे, कशाला आत्ता घोर लावायचा?"

"बघू नको. मी तुला शिकवलं, तू तिला. सांगायला नको का?"

पुढे भेटेल तेव्हा तेच. "सांगितलंस?" मी आपली विषय बदलायची. स्वतःचं काही वाटत नव्हतं हो, पण लेकीला कुठल्या तोंडाने सांगू, की तुझ्या हातात ते टोक मीच दिलं? शेवटची भेटले तेव्हा शकूच्या नाकातोंडावर मास्क होता. बोलता येईना, नुसत्या भुवया उचलल्या. मला कळलं काय विचारतेय ते. "हो, सांगितलं," मी म्हणाले. तिने डोळे मिटले, माझा हात थोपटला... तिच्याशी मी खोटं बोलले ते तेवढंच, आणि तेच तिने सोबत नेलं.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीहून परतले आणि चपला न काढताच सुनीताला फोन लावला. सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "आई, मला ते ढग आवडायचे गं." आणि पुढे, "तपासायला जाऊ या. पण छातीचा फोटो तुझाही काढायचा. मी एकटी नाही येणार."

ज्यांच्या घरी असे कपडे येत होते त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, डॉक्टरांनी विचारलं तर "मी घरीच असते" एवढ्यावर थांबू नका.

परवा आम्ही गेलो. एक्सरेच्या खोलीबाहेर शकूबरोबर बसायचे तोच बाक, ती भिंतीला टेकायची ती जागा मी रिकामीच ठेवली. सुनीता आत गेली, दार लागलं. आतून आवाज आला, "श्वास घ्या... धरून ठेवा." बाहेर मीही धरला. पुढचं मला ऐकूच आलं नाही. दार उघडून सुनीता बाहेर आली, माझ्याकडे बघून तिचे डोळे भरले. "आई," ती म्हणाली, "अगं, सोड ना आता."